राहायला की विकायला

मिस्त्री बाथरूमच्या दारात उकिडवा बसला होता. छिन्नीच्या मुठीने तो एकेका लादीवर टकटक करत होता आणि कुठे भरीव आवाज येतो, कुठे बोदा, ते मान कलती करून ऐकत होता. ऐकणे संपल्यावर त्याने मान वर न करताच विचारले, “रहने का, या बेचने का?” मी म्हणाले, “बेचने का.” “अच्छा,” तो म्हणाला. कानावरची पेन्सिल काढून तो दारामागच्या भिंतीवर, जिथे तसाही नवा रंग लागायचा होता, आकडे मांडू लागला. प्रश्न धंद्याचा होता. त्याच्या आवाजात आरोप नव्हता, उपरोधही नव्हता. वय विचारून घेऊन मग औषधाची मात्रा ठरवणाऱ्या वैद्याइतकाच तो निर्विकार होता. तरीही डोंबिवलीहून लोकलने कल्याण आणि तिथून गाडीने पुणे असा परतीचा प्रवास करताना मला खिडकीबाहेरचे काहीच नीट दिसले नाही. तो ‘अच्छा’ कानात राहिला. जणू मी काहीतरी कबूल केले होते आणि त्याने ते नोंदवून घेतले होते.

भिंतीवर एकाच बाथरूमचे दोन आकडे होते.

पहिला २२ हजारांचा. जुन्या लाद्यांवरच नव्या टाइल्स चिकटवायच्या, सांधे एपॉक्सीने भरायचे, नवे नळ लावायचे आणि चार दिवसांत मोकळे व्हायचे. दुसरा ६८ हजारांचा. त्यात सगळे खणून काढायचे, बुडीत स्लॅबपर्यंत, म्हणजे बाथरूमखाली मुद्दाम खोल ठेवलेल्या तळापर्यंत, उतरायचे, तिथली सगळी जुनी भर गोण्यांत घालून तीन मजले खाली न्यायची, तडे भरायचे, कोटिंग करायचे, पाणी साठवून तपासायचे, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा आणि त्यानंतर कुठे टाइल्सचा विषय काढायचा. काम संपल्यावर दोन्ही बाथरूम दिसणार अगदी सारखी. हे त्यानेच सांगितले, आणि सांगताना तो पहिल्यांदा हसला. मी ठरवलेले एकूण अंदाजपत्रक ३ लाखांचे होते. त्यात हे ४६ हजारांचे अंतर बसत नव्हते आणि ते बसवण्याचे कारणही मला तेव्हा सापडत नव्हते.

डोंबिवली पूर्वेचे हे घर आम्हाला १९८५ साली ताब्यात मिळाले. तेव्हा मी पाचवीत होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही, करारनाम्यात ४१५ चौरस फूट बिल्टअप आणि प्रत्यक्ष टेप लावल्यावर ३३२ चौरस फूट. एवढ्यात एक हॉल, एक स्वयंपाकघर, ज्याला बिल्डरने नकाशात ‘पॅसेज’ म्हटले होते अशी तीन पावलांची बोळ, संडास-बाथरूम आणि नंतर ग्रिल लावून घरात ओढून घेतलेली बाल्कनी. बाबा गेल्यावर आई काही वर्षे तिथे एकटी राहिली. मग गुडघ्यांनी जिना नाकारला आणि ती माझ्याकडे आली. बंद घर लवकर म्हातारे होते. दार उघडले की आधी भिंतींचा ओलसर, खडूसारखा वास यायचा, मग नळांतून आधी हवा, नंतर तांबूस पाणी. खिडकीच्या ग्रिलमध्ये कबुतरांनी संसार थाटला होता. आईनेच एके दिवशी दुपारच्या चहाला सांगितले, की आता ते विकून टाकू. मला वाटले होते, त्या वाक्याला वेळ लागेल, डोळ्यांत पाणी येईल. तिने पुढच्याच वाक्यात बिस्किटांचा डबा मागितला.

एजंट आला तो बूट न काढता हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि गोल फिरून म्हणाला, “मॅडम, ही लादी झाका. गिऱ्हाईक दारातूनच घराचं वय ओळखतं.” त्याचे गणित ठरलेले होते. ३ लाख घातले, की ५ लाख वाढतात. कशात घालायचे, तेही ठरलेले होते. जमिनीला दोन बाय दोनच्या चकचकीत टाइल्स, ओट्याला काळा ग्रॅनाइट, सरकत्या खिडक्या, लपवलेले वायरिंग, हॉलच्या छताला थोडे पीओपी आणि भिंतींना मोतिया रंग. मोतियाच का, असे मी विचारले. तो म्हणाला, की गिऱ्हाइकाला आपले सामान त्या खोलीत मनाने मांडून बघता आले पाहिजे आणि गडद रंगात ते मांडता येत नाही. माणूस चतुर होता. आमच्या हॉलच्या भिंती खरवडल्या तेव्हा आधी फिका निळा, त्याखाली पिस्ता, त्याखाली गुलाबीकडे झुकणारा मळखाऊ रंग आणि सर्वांत खाली नुसता चुना असे थर निघाले होते. त्यांतला प्रत्येक रंग कोणीतरी हट्टाने निवडलेला होता. मोतिया हा आमच्या घराला लागलेला पहिला रंग, जो कोणालाच आवडून आणलेला नव्हता.

गंमत अशी, की घराची किंमत ठरवणाऱ्या सरकारी कागदाला यातले काहीच दिसत नाही. रेडी रेकनरचा दर लावताना भाग बघतात, क्षेत्रफळ बघतात, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा धरतात. टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या आहेत की शहाबादी, हे तिथे कोणी विचारत नाही. बाजारभाव वाढतो तोही बहुधा आपल्या दाराबाहेरच्या गोष्टींनी. एजंट स्वतः आमच्या घराचे वर्णन फोनवर करायचा तेव्हा सुरुवात मोठागाव-माणकोली पुलापासून व्हायची, मग कल्याण-तळोजा मेट्रो यायची आणि टाइल्सचा क्रमांक शेवटी लागायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर ना हरकत पत्रावर सही करताना मला बसवूनच घेतले. इमारत तिशी ओलांडून गेलेली, आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, सभेत पुनर्विकासाचा विषय दरवर्षी निघतो. २०१९च्या शासन निर्णयानंतर त्यासाठी ५१ टक्के संमती पुरते, आणि तेवढी आज ना उद्या होईल. “मग तुमच्या या सगळ्या टाइल्स डेब्रिजमध्ये जाणार, ताई,” ते म्हणाले आणि डिपॉझिटचे १० हजार मोजून घेतले. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, एवढी एकच अट त्यांनी दोनदा सांगितली.

खाली घासून गुळगुळीत झालेली करड्या मोझॅकची लादी होती. सिमेंटमध्ये रुतलेल्या काळ्या, पांढऱ्या आणि मधूनच वीटकरी अशा दगडाच्या चिपा. एकेक लादी दहा इंचांची. मे महिन्यात आम्ही भावंडे तिच्यावर उघड्या पाठीने पालथी-उताणी होत असू आणि चिपांमध्ये चेहरे शोधत असू. बाल्कनीच्या उंबऱ्याजवळ एक उंट होता. तो बसवलेला नव्हता, झालेला होता. पण आम्हाला तो इतका स्पष्ट दिसत असे, की न दिसणाऱ्या पाहुण्यांबद्दल आमचे मत वाईट होई. ही लादी झाकायची म्हटल्यावर माझ्या पोटात जे काही हलले त्याला मी आठवण म्हणत होते. आईला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, “झाका की. मला कधीच आवडली नव्हती ती. केर दिसायचा नाही त्यात, पुसलं तरी पुसल्यासारखं वाटायचं नाही. बिल्डरनं जी घातली ती घातली, आपल्याला कुणी विचारलं होतं?” इतकी वर्षे ती रोज ज्या जमिनीवर वाकली होती, त्या जमिनीबद्दल मला हे तेव्हा कळले. जमिनीवर लोळणाऱ्याला आणि ती पुसणाऱ्याला एकच लादी दिसत नसावी.

तरीही उंट फोडला गेला नाही. टाइलवर टाइल बसवायची म्हणजे जुनी लादी जागच्या जागी राहते, फक्त तिला टाचे मारून खरबरीत करतात. उंटाच्या पाठीवर टाचे पडताना मी दुसरीकडे बघितले. नव्या टाइल्सच्या २१ पेट्या आल्या, एकेका पेटीत चार आणि प्रत्येक पेटी २८-३० किलोंची. त्या डोक्यावरून वर नेणाऱ्या दोन पोरांनी मजल्यागणिक मजुरी सांगितली आणि मी पहिल्यांदा घासाघीस केली नाही. टाइल्स मोरबीच्या होत्या. मोरबी भिंतीवरच्या घड्याळांसाठीही प्रसिद्ध आहे, हे बाबा आमच्या हॉलमधल्या घड्याळाकडे बोट दाखवून सांगत. घड्याळ उतरवले होते, आणि आता त्याच गावची जमीन खाली येत होती. जमीन पाऊण इंचाने वर आली, म्हणून सगळी दारे खालून तासावी लागली. तासल्यावर ती आवाज न करता उघडू लागली. पावसाळ्यात फुगून जमिनीला घासणारे आतले दार आमच्या घरातला सगळ्यांत ओळखीचा आवाज होता. रात्री उशिरा कोण आले, ते त्याच्या ओरखड्यावरून कळायचे.

ओट्याची गोष्ट थोडी वेगळी. आईची उंची चार फूट दहा इंच. बिल्डरने घातलेला कडाप्प्याचा ओटा तिला उंच पडायचा, म्हणून ती आयुष्यभर एका लाकडी पाटावर उभी राहून पोळ्या लाटत आली. पाटाच्या दोन कडा तिच्या टाचांनी झिजल्या होत्या. ओटा दोन इंच खाली घेणे कधीच अवघड नव्हते. एकदा गवंडी घरात असतानाही तो विषय निघाला नाही, कारण पाट होता आणि पाटावर भागत होते. आता ग्रॅनाइट बसवताना मिस्त्रीने उंची विचारली आणि एजंटने परस्पर ‘स्टँडर्ड’ असे सांगून टाकले. ग्रॅनाइट बसला तो पूर्वीपेक्षाही वर. विकायच्या घरात कोणाचीच उंची धरायची नसते.

पैशांचे म्हणाल, तर ते नेहमीच्या वाटेने गेले. कागदावर मोठ्या गोष्टी होत्या, प्रत्यक्षात लहान गोष्टींनी खाल्ले. टाइल्सचे १७ हजारही झाले नाहीत. पण चिकटवायचा मसाला, वाळूच्या गोण्या वर नेणे, डेब्रिजचा टेम्पो, जुन्या लोखंडी पाइपांना भोके पडलेली सापडणे, स्विचबोर्ड उघडल्यावर करपलेल्या वायरी दिसणे, हे कुठल्याच यादीत नव्हते. दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर दर सांगायचा आणि पक्के बिल मागितले, की त्यात १८ टक्के जीएसटी मिळवायचा. सीएने आधीच बजावून ठेवले होते, की विक्रीवरच्या भांडवली नफ्यातून घराच्या सुधारणेचा खर्च वजा करता येतो, पण त्याला बिल लागते आणि नुसती रंगरंगोटी सुधारणेत बसत नाही, ती देखभाल झाली. त्यामुळे कायद्याच्या भाषेत कशाला सुधारणा म्हणतात आणि कशाला नाही, याचा विचार करत मी दुकानाच्या काउंटरवर उभी राहायची. पक्की बिले घेतली. चांगुलपणापेक्षा हिशेब अधिक होता त्यात.

बाथरूमचे दोन आकडे मात्र भिंतीवर तसेच होते.

त्या बाथरूमखाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे बाथरूम. आमच्या मोरीतले पाणी त्यांच्या छतातून बारा वर्षे झिरपत होते. सुरुवातीला नुसता नकाशासारखा डाग होता, मग पोपडे, मग गिलावा पडला आणि आतल्या सळया दिसू लागल्या. सळई गंजली, की फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. एकदा ते सुरू झाले, की आपले आपण थांबत नाही. या पट्ट्यातल्या त्या काळच्या इमारतींत खाडीची खारी रेती गेली म्हणून सळया लवकर खातात, असे इथला प्रत्येक जाणता गवंडी सांगतो. पण आमच्या बाबतीत रेतीला दोष देण्याची सोय नव्हती, पाणी आमचेच होते. काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी बाथरूमच्या पोटमाळ्यावर एक बादली ठेवली आणि ती दिवसाआड रिकामी करत राहिल्या. हळदीकुंकवाला आई त्यांच्याकडे जायची तेव्हा नजर वर जाणार नाही अशी बसायची. बाबांनी दोनदा माणूस बोलावला होता. दोन्ही वेळा त्याने सांधे खरवडून पांढरे सिमेंट भरले आणि दोन्ही वेळा ते एका पावसाळ्यात गेले. पुरते खणायचे तर पंधरा दिवस अंघोळ कुठे करायची, हा प्रश्न होता आणि पैशांचाही होता. मिस्त्रीच्या भाषेत सांगायचे तर आम्ही तिथे राहत होतो आणि कामे मात्र ‘बेचने का’ करत होतो.

मी आईला दोन्ही आकडे सांगितले. खरे तर पहिल्या आकड्याला तिची संमती हवी होती, म्हणून सांगितले. घर विकल्यावर जो येईल तो बघेल, त्यालाही कदाचित सगळे बदलायचेच असेल, इमारत तरी किती वर्षे उभी राहणार, अशी सगळी वाक्ये मी तयार ठेवली होती आणि त्यातले एकही खोटे नव्हते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “आपल्याला विकायचं आहे गं. खालच्यांना राहायचंच आहे ना तिथे?” मग म्हणाली, “माझी एफडी मोड.” तेवढ्यावर तिने फोन माझ्या मुलीकडे दिला.

खणायला सहा दिवस लागले. एक फूट खोलीच्या त्या खड्ड्यातून इतकी ओली, काळी, कुजकट वासाची भर निघाली, की इतक्या वर्षांच्या अंघोळी गोण्यांत भरून चालल्या आहेत असे वाटावे. मिस्त्रीचा स्वभाव या कामात बदलला. हॉलमध्ये तो घाईत असायचा, इथे सावकाश झाला. भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यांना त्याने सिमेंटचा गोलसर वाटा मारला आणि माझ्याकडून त्यावर बोट फिरवून घेतले. पाणी कोपऱ्यात मरते, काटकोनात त्याला बसायला जागा मिळते, असे तो म्हणाला. कोटिंगचा एक हात उभा, दुसरा आडवा. मध्ये वाळायला वेळ. मग नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून त्याने खड्डा पाण्याने भरला आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने रेघ ओढली. ४८ तास. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली गेलेले दिसले आणि माझा जीव खाली गेला. त्याने वाकून बघितले, “दो सूत. धूप का है,” म्हणाला, म्हणजे पाव इंच, तेही उन्हाने उडालेले, आणि जेवायला निघून गेला.

मी काकूंकडे गेले. त्यांनी स्टूल दिले, टॉर्च दिला आणि चहा टाकला. मी स्टुलावर चढून त्यांचे छत जवळून बघितले, तेव्हा मला माझ्याच घराची खालची बाजू पहिल्यांदा दिसली. गंजलेल्या सळया, त्यांच्याभोवती पिवळट क्षारांचे फुलोरे, एका ठिकाणी काकांनी कधीतरी चिकटवलेला प्लॅस्टिकचा तुकडा. बादली कोरडी होती. तळाशी वाळलेल्या पाण्याची गोल गोल वळे होती, एकात एक. सळयांना हात लावून बघितला. खरखरीत, गार, कोरड्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. कोरड्या. त्या सळया साफ करून वर पॉलिमरचा गिलावा करून द्यायचे मी कबूल केले. अंदाजपत्रक तोवर ३ लाख ७० हजारांवर गेले होते आणि तिथून पुढे मी बेरीज करणे सोडले.

गिऱ्हाईक जूनच्या पहिल्या आठवड्यात आले. तरुण जोडपे, बरोबर मुलाची आई. जमीन बघून मुलगी नकळत चप्पल काढून आत आली, तेव्हा एजंटने माझ्याकडे ‘बघा’ अशा नजरेने पाहिले. त्यांनी पाण्याची वेळ विचारली, बाइक कुठे लागते ते विचारले, पुनर्विकासाचे विचारले, ओट्याजवळ उभे राहिल्यावर तोंड पूर्वेला येते का ते मोबाइलवर तपासले. बाथरूमचा दिवा लावून मुलगा म्हणाला, “टाइल्स जरा लाइट शेडच्या चालल्या असत्या.” मला त्या टाइल्सखाली काय आहे ते सांगायचे होते; वाटा, कोटिंगचे उभे-आडवे हात, दोन सूत, सगळे. मी तोंड उघडले, पण एजंटने माझ्याआधी गिझरच्या पॉइंटबद्दल बोलायला सुरुवात केली. बोलणी पुढे गेली. एजंटच्या पाचातले दोन त्यांनी लिफ्ट नाही म्हणून कापले. उरलेल्या तिनांतले किती पुलाचे, किती मेट्रोच्या आशेचे आणि किती माझ्या टाइल्सचे, हे मला कोणी सांगू शकेल असे वाटत नाही. मुलाची आई तेवढी ओट्यापाशी रेंगाळली. तिने दोन्ही तळवे ग्रॅनाइटवर टेकवले आणि टाचा किंचित उचलल्या. पाट मी आदल्याच दिवशी पुण्याला नेला होता.

किल्ली देण्याआधी एकदा काकूंना भेटून आले. पाऊस लागला होता. त्यांचे छत पांढरेशुभ्र झाले होते, नव्या गिलाव्याचा वास अजून होता. पोटमाळ्यावर बादली मात्र जिथल्या तिथे होती. मी तिच्याकडे बघते आहे हे त्यांनी पाहिले. “असू दे गं,” त्या म्हणाल्या, “हा एक पावसाळा जाऊ दे.”

रात्री घरी पोचले तेव्हा आई जागी होती. व्यवहाराचे तिने काहीच विचारले नाही. पांघरूण नीट करत म्हणाली, “बादली काढली का त्यांनी?”

“काढली,” मी म्हणाले आणि दिवा मालवला.